फॅरारबाई आणि नगरची शाळा

तीन जानेवारीला आपण सगळ्या जणी सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. पोरींची भाषणं होतात, एखादी धीट पोरगी नऊवारी नेसून सावित्रीबाई होते, शेणगोळ्यांचा प्रसंग करून दाखवते आणि आपले डोळे भरून येतात. पण सावित्रीबाई शिक्षिका व्हायला शिकल्या कुठं, असं आम्ही बैठकीत विचारलं की सगळ्या एकमेकींकडं बघतात. 'जोतिबांनी घरी शिकवलं' एवढं उत्तर येतं. ते खरंच आहे. पण घरी लिहायला-वाचायला येणं वेगळं आणि चाळीस पोरी समोर बसवून त्यांना शिकवणं वेगळं. आपल्यातल्या ज्या अंगणवाडीताई आहेत त्यांना हे सांगायला नको. ते दुसरं शिक्षण सावित्रीबाईंनी दोन ठिकाणी घेतलं, असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. एक पुण्यात मिचेलबाईंच्या शाळेत आणि दुसरं आपल्या नगरला, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचं. नगरला शिकवणाऱ्या बाईचं नाव होतं सिंथिया फॅरार.

नाव ऐकून हसू नका. आमच्या एका बैठकीत आक्कांनी विचारलंच, 'फरार? कुठून पळून आली होती का काय?' पळून नाही, पण फार लांबून आली होती. आज तिची गोष्ट सांगतो.

सिंथिया फॅरारचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर नावाच्या थंड, डोंगराळ मुलखातला. पेशानं मास्तरीण. लग्न केलेलं नाही. बॉस्टन शहरात एक मोठी मिशनरी संस्था होती, अमेरिकन बोर्ड म्हणायचे तिला. १८१० साली ती सुरू झाली आणि तीन वर्षांत तिची माणसं मुंबईला पोहोचली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट अशी दोघांची नावं. तेव्हा इथं कंपनी सरकारचं राज्य होतं आणि कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या भानगडीत लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही तिची धास्ती. या दोघांना परत पाठवायचे हुकूमसुद्धा निघाले होते. कसेबसे राहिले. मराठी शिकले, छापखाना टाकला, शाळा काढल्या. जाता जाता सांगतो, आपल्या घरोघरी भिंतीला असतं ते पंचांग मराठीत पहिल्यांदा छापणारे गणपत कृष्णाजी छपाईची कला याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकले. म्हणजे बायबल छापायला आणलेल्या विद्येतून आपलं पंचांग निघालं. इतिहास असाच वाकड्या वाटेनं चालतो.

त्या काळात परमुलखात एक आठवडा फिरणं म्हणजे काय होतं, हे कळायला या गॉर्डन हॉलची शेवटची फेरी ऐका. मार्च १८२६. हॉल मुंबईहून निघाला, सोबत दोन ख्रिस्ती मुलं. मुंबई ते नाशिक, दीडशेहून जास्त किलोमीटर. वाटेत गावोगावी बोलायचं, पुस्तकं वाटायची, पुढं निघायचं. नाशिकला पोहोचला तर गावात पटकीची साथ. पटकी म्हणजे कॉलरा. दिवसाला शेकड्यानं माणसं मरत होती. त्यानं जवळची औषधं वाटायला सुरुवात केली. काही दिवस तिथंच राहिला. पुस्तकं संपली, औषधं संपत आली, तेव्हा परत फिरला. १८ मार्चला नाशिक सोडलं. दोन दिवसांनी वाटेतल्या एका गावात देवळाच्या ओसरीवर चटई टाकून रात्रीला आडवा झाला आणि पहाटे त्यालाच पटकी लागली. दुपारपर्यंत खेळ आटोपला. बरोबरच्या दोन पोरांनी तिथंच खड्डा खणून त्याला मूठमाती दिली. वय एक्केचाळीस. बायको मुलांना घेऊन आधीच अमेरिकेला गेलेली. जन्मभर मूर्तिपूजेच्या विरुद्ध बोललेला माणूस देवळाच्या ओसरीवर गेला, आणि गावकऱ्यांनी त्याला तिथं टेकू दिलं होतं. आम्हाला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात.

हे सगळं बॉस्टनला कळलेलं होतं. मुंबईला जाणाऱ्या बायका तर त्याहून लवकर जात. बाळंतपण, ताप, हगवण. हॅरिएट नेवेल नावाची मुलगी नवऱ्याबरोबर १८१२ साली निघाली, ती मुंबईला पोहोचलीच नाही. वाटेत बोटीवर बाळ गेलं आणि मॉरिशस बेटावर ती गेली. एकोणीस वर्षांची होती. आपल्याकडं ज्या वयात पोरगी बारावीचा निकाल घेऊन पुढं काय करू म्हणते, त्या वयात.

आणि तरी जून १८२७ मध्ये बत्तीस वर्षांची सिंथिया फॅरार बॉस्टनहून जहाजात बसली. बरोबर दोन मिशनरी जोडपी होती, स्टोन आणि ॲलन. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, तो १८६९ साली झाला. सगळी आफ्रिका वळसा घालून यावं लागे. सप्टेंबरात कलकत्ता, तिथून पुन्हा समुद्रानं डिसेंबरअखेर मुंबई. सहा महिन्यांहून जास्त. त्या दोन जोडप्यांपैकी मायरा ॲलन तीन-सव्वातीन वर्षांत, फेब्रुवारी १८३१ मध्ये, मुंबईतच वारली. योगायोग असा की ज्या वर्षी ही बाई मुंबईला उतरली त्याच वर्षी पुण्यात जोतिराव जन्माला आले. आणि ज्या वर्षी मायरा गेली त्या वर्षाच्या सुरुवातीला नायगावात सावित्रीबाई.

मग लग्न न झालेल्या बाईला बोलावलं कशाला? कारण साधं होतं. मुंबईतल्या मिशननं १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. शाळा वाढायला लागल्या, पण त्यांच्यावर देखरेख ठेवायला बाईमाणूस पाहिजे. मिशनऱ्यांच्या बायका स्वतःच्या घरात, लेकरांत आणि आजारात अडकलेल्या. म्हणून मुंबईहून मागणी गेली की शाळांचंच काम बघेल अशी बाई पाठवा. बॉस्टनची मंडळी एकट्या बाईला परदेशी पाठवायला फारशी खुशीत नव्हती. तिकडंही लोक म्हणत, एकटी बाई, कोणाच्या आधारानं राहणार? शब्द ओळखीचे वाटतात ना? आपल्यातली कोणी पहिल्यांदा मुक्कामी प्रशिक्षणाला निघाली तेव्हा गावात हेच शब्द ऐकलेत.

फॅरारबाईला पुष्कळ पुस्तकांत 'परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी' म्हटलंय. यावर आम्हाला थोडं अडायचंय. तिच्या आधी पाच वर्षं, १८२२ साली, त्याच संस्थेनं बेट्सी स्टॉकटन नावाची एक बाई हवाई बेटावर पाठवली होती. तिचंही लग्न झालेलं नव्हतं. तिनंही तिथं शाळा चालवली, सामान्य लोकांच्या मुलांसाठी. मग पहिली ती का नाही? कारण बेट्सी काळी होती आणि गुलामगिरीत जन्मलेली होती. एका मिशनरी कुटुंबाबरोबर ती गेली, करारात मिशनचं काम होतं आणि त्या कुटुंबाच्या घरकामात हातभारही. मग तिला मोलकरीण म्हणून मोजलं आणि पहिलेपणाचा मान दुसरीला गेला. आता लोक तिचंही नाव घ्यायला लागलेत. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. बेट्सीचं नाव त्यांच्या कानावर गेलं नसणार. तरी आम्हाला ते अर्पण वाचताना तिची आठवण होते.

फॅरारबाईचा तरी हुद्दा काय होता? संस्थेच्या नोंदीत तिच्यासारख्या बायकांना 'सहायक मिशनरी' लिहीत. पुरुष तो मिशनरी, बाई ती सहायक. शाळांचा सगळा भार तिच्यावर, पण हुद्दा मदतनिसाचा. अंगणवाडीच्या मदतनीसताई आणि गटाचं काम मानधनावर करणाऱ्या आमच्यासारख्या सहयोगिनी हे ऐकत असतील, तर आम्ही पुढं काही बोलत नाही.

आता ती शाळा कशी असायची ते बघू, कारण आमच्या मते खरी गंमत तिथं आहे. शाळा म्हणजे इमारत नव्हे. कोणाच्या तरी घराची भाड्यानं घेतलेली खोली किंवा पडवी. शिकवायला पुरुष पंतोजी, कारण शिकलेली बाई आणायची कुठून? त्या वेळी पोरगी शिकली तर नवरा मरतो, असं लोक मनापासून मानत होते. म्हणून मुलींच्या शाळेत पुरुष शिक्षक, त्यातही बरेचसे ब्राह्मण, आणि शाळा मिशनची. फॅरारबाई या शाळेतून त्या शाळेत फिरायची, पोरींचं वाचन ऐकायची, अक्षर बघायची, शिवण शिकवायची. वाचन, लेखन, थोडे हिशेब, शिवण आणि त्याबरोबर ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं. मराठी तिला आधी शिकावं लागलं. तिशी ओलांडल्यावर नवी भाषा, नवी लिपी आणि समोर हसणाऱ्या पोरी. काही वर्षांतच शेकडो मुली पटावर आल्या. मुंबईतल्या इंग्रज साहेबांनी आणि खुद्द गव्हर्नरनंही शाळांना वर्गणी दिली.

पण पटावरच्या मुली आणि शाळा पूर्ण करणाऱ्या मुली यांत तेव्हा फार अंतर होतं. नऊ-दहा वर्षांची झाली की लग्न, लग्न झालं की शाळा बंद. वर्षभर कष्ट करून पोरगी वाचायला लागते न लागते तोच ती सासरी. फॅरारबाईची ती घागर वर्षानुवर्षं गळकीच राहिली. तिच्या पाठोपाठ १८२९ साली स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन मुंबईला आल्या, त्यांनीही मुलींच्या शाळा काढल्या आणि सहा वर्षांत, १८३५ साली, त्या वारल्या. शाळा मात्र राहिल्या.

इथं एका मावशींचा प्रश्न घ्यावाच लागेल. हे भाषण आम्ही आधी गटात वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, 'पण ती बाई आपल्याला किरिस्ताव करायला आली होती ना? मग तिचं कौतुक कशाला?' प्रश्न रास्त आहे. होय, ती धर्म सांगायलाच आली होती. तिनं ते लपवलं नाही. आपला धर्म खरा आणि इथल्या लोकांचा खोटा, असं ही मंडळी मानत आणि तसं बोलतही. त्यात इथल्या माणसाबद्दलचा एक तुच्छपणा होता, तो आम्हाला पटत नाही. लोकांनी भिऊन पोरी काढून घेतल्या यात लोकांचंही फार चुकलं, असं म्हणवत नाही. पण दुसरीही बाजू मांडायला हवी. ज्या पोरी तिच्याकडं शिकल्या त्यातल्या फार थोड्या ख्रिस्ती झाल्या. अक्षर मात्र सगळ्यांच्या हाती आलं. आणि नगरच्या बाजूला मिशनचं काम महार-मांगांच्या वस्त्यांत जास्त पसरलं, कारण तिथल्या पोरांना बाकी कुणी ओसरीवरसुद्धा उभं करत नव्हतं. दार आपण बंद ठेवलेलं, मग ते दुसऱ्यानं कोणत्या हेतूनं उघडलं यावर आपण किती रागवायचं? मावशींचं समाधान झालं असं आम्ही म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, 'बघू.' तेही ठीक.

१८३७ साली फॅरारबाईची प्रकृती ढासळली आणि ती अमेरिकेला परत गेली. इथंच गोष्ट संपली असती तरी कोणी तिला नावं ठेवली नसती. दहा वर्षं पुष्कळ झाली. पण १८३९ मध्ये ती पुन्हा तोच समुद्र ओलांडून आली आणि या वेळी तिची नेमणूक नगरला झाली. मिशननं नगरला ठाणं केलं होतं १८३१ साली.

मुंबई ते नगर आज आपण पहाटेच्या एसटीत बसलो तर दुपारी उतरतो. तेव्हाचा हिशोब करा. मुंबईहून होडीनं पनवेल. तिथून बोरघाट. घाटातला गाडीरस्ता १८३० साली झालेला, त्यामुळं चाकं तरी चढत होती. घाट चढून पुणे, पुण्याहून नगर. पनवेलपासून धरलं तर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर. बैलगाडी दिवसाला आठ-दहा कोस गेली तर नशीब. म्हणजे सरळ आठ-दहा दिवस, तेही गाडीचा आरा मोडला नाही, बैल बसला नाही, नदीला पाणी आलं नाही तर. रेल्वे पुण्याला आली १८५८ साली. नगरला तर ती फॅरारबाईच्या मागं सोळा वर्षांनी, १८७८ मध्ये आली. म्हणजे नगरला जाणं हे मुंबईसारख्या बंदराच्या गावी राहण्याहून वेगळं होतं. इथून सहजासहजी परत फिरता येत नव्हतं.

आणि ती फिरलीही नाही. तेवीस वर्षं ती नगरला राहिली. मुलींच्या शाळा चालवल्या. रोज त्याच पोरी, तीच पाटी, तोच कित्ता. या तेवीस वर्षांत सांगण्यासारखं मोठं काही घडलं का, तर एकच गोष्ट, आणि ती घडली तेव्हा तिचं मोठेपण तिलाही कळलं नसेल.

जोतिरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला न्यायाधीशाच्या कचेरीत नोकरीला होते. ते जोतिरावांना फॅरारबाईची मुलींची शाळा दाखवायला घेऊन गेले. जोतिराव तेव्हा विशी-एकविशीचे. आपल्याच मुलखातल्या पोरी रांगेत बसून मराठी वाचताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं १८५३ साली 'ज्ञानोदय'मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं की नगरच्या शाळेतली शिकवण्याची पद्धत बघून आपल्याला फार बरं वाटलं. आईच्या वळणानं मूल घडतं, म्हणून आईनं शिकलं पाहिजे, हा त्यांचा विचार होताच. तो कसा करून दाखवायचा ते त्यांना नगरला दिसलं. पुण्याला परत आले आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे, की ही शाळा आपल्याच माणसांनी काढलेली होती आणि तिच्यात शिकवायला पंतोजी नव्हे, बाई होती. फॅरारबाईला मुंबईत एकवीस वर्षांपूर्वी जी मिळत नव्हती ती शिकलेली मराठी बाई सतरा-अठरा वर्षांच्या सावित्रीबाईंच्या रूपानं उभी राहिली. नगरच्या शिक्षणाचा धागा इथं येऊन जुळतो. बाईसाठी बाई शिक्षक पाहिजे हे मिशनला कळलं, म्हणून त्यांनी अमेरिकेतून बाई आणली. जोतिरावांना तेच कळलं आणि त्यांनी घरातल्या बाईला तयार केलं. आमच्या मते दुसरं जास्त अवघड. परदेशी बाईवर कोणी शेण फेकलं तर साहेब विचारणारा होता. सावित्रीबाईंना सासरचं घर सोडावं लागलं.

आमच्या प्रभागात गेल्या वर्षी एका गावात दहावीनंतर चार पोरी घरी बसल्या. कॉलेज नऊ किलोमीटरवर, एसटी सकाळी एकच, ती पण कधी येते कधी नाही. घरचे म्हणाले, पोरगी एकटी कशी पाठवायची, त्यापेक्षा स्थळ बघू. तिथल्या ग्रामसंघात यावर दोन बैठका झाल्या. भांडणंही झाली. शेवटी बायकांनी एका जीपवाल्याशी महिन्याच्या भाड्याची बोली केली, निम्मं घरच्यांनी आणि निम्मं गटांनी मिळून द्यायचं ठरलं आणि रोज एक बाई पोरींबरोबर जायची असा पाळीचा तक्ता लावला. चारपैकी तीन पोरी जाताहेत. चौथीचं लग्न झालं, वय अठराच्या आत होतं, आणि ते आम्हाला थांबवता आलं नाही. दहा वर्षांची पोरगी सासरी जायची आणि फॅरारबाईची पाटी कोरी व्हायची, तेव्हापासून वय तेवढं सरकलंय.

सिंथिया फॅरार २५ जानेवारी १८६२ रोजी नगरला वारली. वय सहासष्ट. चौतीस वर्षांतली मधली दोन सोडली तर सगळी इथंच गेली. तिच्याकडं शिकलेल्या पोरींची नावं आम्ही पुष्कळ शोधली. शाळेच्या अहवालांत मुलींचे आकडे लिहीत, नावं क्वचित. म्हणून आपल्या गटाच्या वहीत आम्ही 'इतर ७ महिला हजर' असं लिहू देत नाही, सातही नावं लिहायला लावतो. काही जणींना त्याचा कंटाळा येतो हे आम्हाला माहीत आहे.

एका पोरीचं नाव मात्र राहिलं. ती फॅरारबाईच्या नव्हे, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मुक्ता साळवे, मांगाची लेक, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो छापला 'ज्ञानोदय'नं, म्हणजे अमेरिकन मिशननं १८४२ साली नगरला सुरू केलेल्या त्याच पत्रानं. पोरीनं त्यात कोणाचीही भीडभाड ठेवलेली नाही. पुढच्या महिन्याच्या भाषणात आम्ही तो निबंध पूर्ण वाचणार आहोत. ज्या गटांकडं रेडिओ नीट लागत नाही त्यांनी आपापल्या सहयोगिनीकडून त्याची झेरॉक्स घ्यावी, आणि जमलं तर बैठकीत तो कोणा मोठ्या बाईनं नको, शाळेत जाणाऱ्या पोरीनं मोठ्यानं वाचावा.